टाचेखालचा कागद

रंगाऱ्याचा उजवा खांदा गोठला, ते त्याने आधी बायकोपासून लपवलं. पण शर्टात हात घालताना ज्याचं तोंड वाकडं होतं, त्याचं लपणार किती दिवस?

"अहो, डाव्या हाताने जेवायला कधीपासून लागलात?"

"सवय करतोय."

"पन्नाशी उलटल्यावर?"

त्याला खरी काळजी होती ती प्रार्थनेच्या सभागृहाची. तिथे भिंत छताला मिळते, त्या कडेची निळी रेघ तो दर सात वर्षांनी मोकळ्या हाताने ओढायचा. रेघ सरळ यावी म्हणून चिकटपट्टी लावणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याच रेघेखाली बसून त्याने जन्मभर सुरात गाऊन सांगितलेली प्रवचनं ऐकली, डोळे पुसले. आता सभागृहाचे चिटणीस म्हणाले होते, "चार महिने थांबतो. हात वर गेला तर रेघ तुमची. नाहीतर पट्टी लावून दुसरा कुणी ओढेल."

बायकोने त्याला मणक्यांच्या आणि सांध्यांच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिने आधी एक्स-रे काढून आणायला लावला, मग मान, पाठ, खांदा हातांनी चाचपला.

"एकदा कट् असा आवाज काढा, की सुटेल," रंगारी म्हणाला.

"काका, गोठलेला खांदा म्हणजे फुगलेलं दार नव्हे, धक्का दिला की उघडायला. मी मान-पाठ सैल करीन, खांदा तुम्ही हळूहळू उघडायचा. रोज भिंतीवर बोटं चालवत वर न्या, जिथे थांबतील तिथे खूण करा. ताण चालेल, कळ नको."

भिंत म्हणजे त्याचं माहेरच. पेन्सिलीच्या खुणा चढत गेल्या. सहा आठवड्यांत वीतभर. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दाखवी. पण दवाखान्यात हात होता तिथेच अडे.

"खुणा वर चालल्यात आणि हात नाही," डॉक्टरीण म्हणाली. "हे गणित मला सुटत नाही."

"मी सोडवते," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने जुनं वर्तमानपत्र त्याच्या टाचांखाली सरकवलं आणि कडा धरून खाली बसली. बोटं भिंतीवर चालू लागली. खांद्याच्या जरा वर गेली, आणि कागद अलगद तिच्या हातात आला.

"घ्या, ताज्या बातम्या."

"मी टाचा उचलल्या नाहीत."

"मग काय कागदाला पाय फुटले?"

तो स्टुलावर बसला. तीस वर्षं हात पुरला नाही की टाचा उचलायच्या, हे अंगात इतकं मुरलेलं, की त्याला कळलंही नव्हतं. सगळ्या खुणा पायांनी चढवलेल्या होत्या. त्याने सँडपेपर घेतला, एकूण एक खूण घासून काढली आणि वीतभर खाली नवी पहिली खूण केली. खोटं पुसायलाही हात लागतोच, तो डावा देवाने शाबूत ठेवला होता.

मग रोज कागद, रोज बायको. कधी आठवडाभर खूण एकाच जागी. कधी केसभर वर. तिसऱ्या महिन्यात त्याने स्वतःचे केस विंचरले, तेव्हा तिने भांग वाकडा आहे म्हणून सांगितलं आणि पदराआड हसली.

रेघेच्या दिवशी चिटणीस खाली उभे होते, खिशात चिकटपट्टीचं बंडल घेऊन. रंगारी परांचीवर चढला. मागोमाग बायकोही चढली. वर्तमानपत्र घेऊन.

"अगं, लोक बघताहेत."

"बघू देत. टाचा उचलल्या की रेघ हलते, हे तुम्हीच शिकवलंत."

ब्रश वर गेला. दंड कानाला टेकला आणि टेकलेलाच राहिला. निळी रेघ निघाली, हातभर, दोन हात, खांबापर्यंत, कुठे थरथर नाही. खांबाशी बायकोने कागद ओढला. तो निघेना. जोर लावला तर टरकन फाटला.

"फाटला," ती खालच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

चिटणिसांनी खिशावरचा हात काढला.

त्या आठवड्याच्या प्रवचनात गाणाऱ्याचा आवाज टिपेला पोचला, तसे बसलेले सगळे उठले आणि हात उंचावले. रंगाऱ्याचे दोन्ही हात सगळ्यांबरोबर वर गेले, निळ्या रेघेच्या दिशेने. शेजारी बायकोचेही हात वर होते, नजर तेवढी सवयीने खाली गेली.

टाचा जमिनीवर होत्या.