समरकंदचा पलोव, मटणासकट

सोलापुरात उझबेकी जेवण कुठं मिळतं, असं विचारत मी तीन दिवस पायपीट केली. साठी उलटलेली निवृत्त बाई मी, जन्मात अंड्याला न शिवलेली, गुडघे बोलायला लागलेले. सात रस्त्याजवळच्या हॉटेलवाल्यानं वाटाणे घातलेला पिवळा पुलाव पुढं केला. होटगी रोडवरचा म्हणाला, "मावशी, ते काय असतंय? हितं पिठलं-भाकरी मागा की."

पण माझ्या श्रावणीनं दुसरं काही मागितलंच नव्हतं. समरकंदला सहा वर्षं डॉक्टरकी शिकून आली आणि इथं प्रॅक्टिससाठी द्यावी लागते ती परीक्षा तिसऱ्यांदा नापास झाली. तेव्हापासून खोलीत पडून. अन्नावरची वासनाच उडाली होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "आई, पलोव मिळेल का कुठं? तिथल्यासारखा, मटणाचा."

माझं डोकंच फिरलं. जाताना देवासमोर तिला माझ्या गळ्याची शपथ घातली होती, मांसाला शिवायचं नाही म्हणून. दर रविवारी फोनवर "नान-दही खाल्लं" सांगायची, आणि मी खुळी खरं मानायची. म्हणजे कार्टीनं सहा वर्षं गंडवलं मला. पण पोटची पोर उपाशी पडलेली, तिथं शपथ काय चाटायचीय?

शेवटी विजापूर वेशीत लग्नांचा स्वयंपाक करणाऱ्या जुबेदाबी भेटल्या. मोबाइलवरची कृती त्यांना वाचून दाखवली: तांदूळ, मटण, भरपूर गाजर, जिरं, लसणाचा अख्खा गड्डा. मिरची नाही.

"बगैर मिर्ची का तो बिमार लोगां खाते," त्या म्हणाल्या.

"आजारीच आहे," मी म्हटलं.

डबा घरी आणला, ताट वाढलं आणि तोंडाला काही आवर घालता आला नाही. "घे. सहा वर्षं चापलंस तेच आहे."

ती ताटाकडं बघत राहिली. "मी एकदाही खाल्लं नाही, आई. घरमालकीण दर गुरुवारी करायची. सगळे ताव मारायचे आणि मी शेजारी बसून नान-दही. नुसता वास घ्यायची. वाटायचं, तुझी शपथ पाळली तर पास होईन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता खाऊ?" तिनं विचारलं. सव्वीस वर्षांची पोर, अजून मला विचारत होती.

"खा, बाळा."

तिनं घास तोंडात घातला. चावला, नुसताच घोळवत राहिली, पण तिला तो गिळता येईना. मी तिच्या तोंडाखाली ओंजळ धरली.