आढ्यावरची इरावती

गायब होण्यात मी पटाईत आहे. कुणी आवाज चढवला की माझं शरीर तिथंच उभं राहतं, मान डोलावतं, वेळ पडली तर चहासुद्धा करतं. आणि मी वर आढ्याला जाऊन बसते. तिथून खाली उभी असलेली इरावती दिसते, कुणा परक्याची बायको असावी तशी. ही विद्या मी लहानपणी पोलादपुरात शिकले. वडिलांचा पट्टा संध्याकाळी निघायचा आणि घरात पळायला जागा नव्हती.

पुण्याच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या पळण्यानंच तुम्हाला वाचवलं. पण आता पट्टा नाही, तरी तुम्ही पळताच आहात. खरंच होतं. ओवीच्या बारशाला मामा आचाऱ्यावर ओरडले आणि मी गेले. फोटोत मी हसतेय, पेढे वाटतेय, पण मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. लेकीचं नाव ठेवताना मी हजर नव्हते, याचा मला अजून संताप येतो. आता पोर सात वर्षांची झाली होती. तिचं सगळं बालपण मी फोटोतच बघायचं का?

तर दोन हजार तीन सालचा छबिना, देवाच्या पालखीचा उत्सव. महाडच्या जत्रेत ओवीला आकाशपाळणा हवा होता. आमचे हे, अनिशराव, आपल्या दुकानात वाघ, पण उंचीला घाबरतात. बसू नकोस, असं त्यांनी मलाही बजावलं. मग काय, मी बसलेच.

पाळणा सुटला आणि आमची अशी बोंब उठली की काय सांगू! ओवी किंचाळत होती, मी तिच्याहून मोठ्यानं. आमचा पाळणा अगदी वर जाऊन थांबला. सवयीनं मी खाली स्वतःला शोधू लागले. उंचावरून मी नेहमी दिसतेच. अनिशराव दिसले, त्यांच्या हातातली माझी पर्स दिसली, पण शेजारी मी नव्हते. पुन्हा पाहिलं. कुठंच नव्हते. तेवढ्यात ओवीनं माझ्या दंडात नखं रुतवली, दंड दुखला, आणि डोक्यात उजेड पडला. अगं बाई, मी इथं आहे की! मला असं हसू फुटलं की आवरेना. आईला वेड लागलं, असं ओवीला वाटलं असणार.

हसत हसतच उतरले आणि अनिशरावांच्या नव्या शर्टावर मघाची सगळी भेळ ओकले.

"सांगितलं होतं ना बसू नकोस म्हणून!"

आवाज असा, की फुगेवाला वळून बघायला लागला. माझं हसू पळालं. आता मीही जाणार, म्हणून वाट पाहिली. गेले नाही. घसा आंबट झाला होता, छाती धडधडत होती. एवढी भीती मला कधी वाटलीच नव्हती. आजवर ती त्या खालच्या बाईनं सोसली होती.

"अहो, ओरडू नका," मी म्हणाले. "मला भीती वाटते."

लग्न झाल्यापासून हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला समोर कुणी असावं तर लागतं ना. अनिशरावांनी रुमाल काढला, शर्ट तसाच सोडून आधी माझं तोंड पुसलं आणि अगदी हळू विचारलं, "माझी?"

"आवाजाची," मी म्हणाले, आणि भर जत्रेत मला रडू कोसळलं. ते रडणं, त्यांचा पडलेला चेहरा, माझा पदर ओढणारी ओवी, सगळं मला अख्खं आठवतं.