चौथं बाक

आधी एक बारीक शीळ येते, मग खोली येते – एकदम, सगळीच्या सगळी, बाकांच्या करकरीसकट आणि पोरांच्या कुजबुजीसकट. बोटाच्या पेराएवढं ते यंत्र बाईंनी अंगठ्याने कानात लोटलं आणि नेहमीसारखंच त्यांना वाटलं, हे आपलं ऐकणं नव्हे. दुसरंच कुणीतरी ऐकतंय आणि आपल्याला सांगतंय... आणि सांगताना काही गाळतंयही. पातळ, हलके आवाज तर ते सांगतच नाही.

वाचनालयाच्या माडीवरचा हा शनिवार दुपारचा वर्ग बाईंनी निवृत्तीनंतर स्वतःहून मागून घेतला होता. सहा शनिवार, एकच संगीतकार आणि लोकांना सर्वांत आवडलेल्या त्याच्या सहा रचना. तीनशे वर्षांपूर्वीचा हा माणूस चित्रात पांढऱ्या केसांचा टोप घालून बसलेला, म्हणून पहिल्याच दिवशी पोरांनी त्याचं बारसं उरकलं होतं – टोपवाले आजोबा.

"टोपवाल्या आजोबांना वीस मुलं झाली," बाई म्हणाल्या. "मग घरात केवढा गलका असेल?"

"म्हणून तर टोप कानांवर ओढून घेत असतील," मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली. प्रत्येक गोष्टीत हुज्जत घालायची, म्हणून तिचं नाव वकीलबाई.

"उलट गं. त्यांना सगळ्यांचं एकदम ऐकू यायचं. आजची रचना तशीच आहे. आधी एक आवाज येतो, एकटाच. काहीतरी म्हणतो. मग दुसरा येतो, तेच म्हणतो, पण जरा वरून. पहिला गप्प बसतो का? नाही, त्याचं आपलं चालूच. मग तिसरा, खालून, जाडाभरडा. तीन आवाज, पण वाजवणारा माणूस एक आणि हात दोनच."

बाईंची शिकवायची रीत ठरलेली होती, तीस वर्षं शाळेत चाललेली. एका बाकाला एक आवाज. आपला आवाज आला की बाकाने उभं राहायचं, तो थांबला की बसायचं. तीन आवाज, तीन बाकं. आज मात्र पोरं जास्त आली होती आणि वकीलबाईला मैत्रिणींसोबत एका चौथ्या बाकावर बसावं लागलं होतं.

"आणि आम्ही?"

"तुम्ही नुसतं ऐका."

असं बाईंनी याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

टेप त्यांची स्वतःची होती, त्यांनी विसाव्या वर्षी वाजवलेली. बाजारात मिळतात ती वादनं फार धावतात, मुलांना आवाज वेगळे करता येत नाहीत, म्हणून इतकी वर्षं हीच. बटण दाबलं. पहिलं बाक उठलं. दुसरं उठलं. तिसरं धडपडत, एकमेकांना ढोसत उठलं. बाई समाधानाने मान हलवत होत्या – आणि चौथं बाक उठलं.

एकदम. पाचही जणी, न हसता, हात बाजूला सोडून. थोड्या वेळाने त्या बसल्या, क्षणभरच, आणि पुन्हा उठल्या.

बाईंनी टेप बंद केली. "तुम्हाला कुणी उठायला सांगितलं?"

"बाई, आमचा आवाज आला ना."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही, बाई. गुणगुणतंय कुणीतरी. बाईमाणूस आहे. मध्येच थांबली, म्हणून आम्ही बसलो."

टेप मागे गेली, पुन्हा लागली. पुन्हा तिथेच उठल्या, तिथेच बसल्या, तिथेच उठल्या. आता बाकीची बाकंही माना डोलावत होती – हो, आहे, आहे. बाईंच्या कानात पियानो होता आणि त्याच्या भोवती नुसती खरखर. पण चौथं बाक कुठे बसत होतं हे त्यांच्या बोटांना कळलं, त्यांच्या आधी कळलं. तिथे पान संपतं. तिथे उजवीकडून एक हात यायचा, पान उलटायचा, आणि उलटताना ताईचं गुणगुणणं तेवढ्यापुरतं थांबायचं...

ताई. एकाच पियानोवर दोघी शिकल्या. ताई थोरली, तिचा हात चांगला. पण धाकटीची परीक्षा आली की पानं उलटायला स्टुलावर बसायची आणि बसली की गुणगुणायची, आपण गुणगुणतोय हे तिचं तिलाही कळायचं नाही. किती वेळा सांगायचं? एके दिवशी मी म्हणाले – मीच म्हणाले, दुसरं कुणी नाही – "तोंड बंद ठेवता येत नसेल तर बाहेर जा." ताईने पान सपाट केलं, त्यावरून तळवा फिरवला आणि ती उठली. पुन्हा कधी स्टुलावर बसली नाही. चार महिन्यांनी तिला ताप आला, त्यातच गेली.

टेप त्यानंतरची. ती गेल्यावर दोन महिन्यांनंतरची. दाराला आतून कडी होती, पानं नव्हतीच, सगळं पाठ होतं, स्टूल रिकामं होतं... दार उघडलं तेव्हा आई बाहेर उभी होती आणि म्हणाली होती, "एकटीच होतीस?" असं काय विचारतेस, म्हणून आपण तिच्यावर खेकसलो होतो.

मग गुणगुणणारी मीच का? आपण सारी हयात मुलांना गप्प करत आलो, वाजवताना ओठ घट्ट मिटून ठेवत आलो, आणि तरी ते गुणगुणणं आपल्याच गळ्यातून...? दोघींचा आवाज सारखा होता. कुणीही ओ दिली तरी आई विचारायची, "कोणती गं?" पूर्वी कान चांगले होते तेव्हा हे ऐकलं असतं तर क्षणात ओळखलं असतं – पण तेव्हा आपण ऐकत होतो तीनच आवाज, तीन बाकांना पुरतील एवढेच. आणि आता ओळखायचं तर या पोरींच्या कानांनी, ज्यांनी दोघींपैकी कुणालाच त्या वयात पाहिलेलं नाही.

"कसा आहे गं आवाज?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं होतं तितकं सहज ते आलं नाही.

वकीलबाईने विचार केला. "रागावलेला नाही," ती म्हणाली. "कामात असल्यासारखा."

काम कुणाचं? त्यांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि डोळे मिटले. मन तिन्ही आवाजांवरून काढून त्या खरखरीवर धरलं – शिकवल्याप्रमाणे नाही, चौथ्या बाकाला सांगितलं त्याप्रमाणे, नुसतं ऐकत. पहिलं बाक उठल्याचा आवाज झाला. दुसरं. तिसरं. मग ती जागा आली आणि करकर झालीच नाही.

त्यांनी डोळे उघडले. चौथं बाक बसलेलंच होतं. पण पोरी टेपकडे पाहत नव्हत्या.

"काय झालं? आला नाही का?"

मग वकीलबाई अगदी हळू, वर्गात बोलतात तशी नाही, आजारी माणसाजवळ बोलतात तशी म्हणाली, "आला ना. पण आता तो टेपमधून नाही येत, बाई."

बाईंचा हात गळ्याकडे गेला. कातडीखाली काहीतरी बारीक, एकसारखं थरथरत होतं, कधीपासून कोण जाणे. कानातलं यंत्र त्याबद्दल काहीच सांगत नव्हतं. गिळलं असतं तर ते थांबलं असतं, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी गिळलं नाही. बोटं तिथेच ठेवून त्या उभ्या राहिल्या, श्वास जपून घेत, कुणाची झोप मोडू नये म्हणून घेतात तसा.