कॉलरमागची पट्टी

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायाने चालवायची. माझं पायडल कुरकुरतं आणि मीही कुरकुरते. वय झालं, दुसरं काय! पण मित्रांनो, आज तक्रार करायची नाही. आज माझी एक चूक सांगायची आहे.

कारखान्यातून मी एका शिंप्याकडे गेले. बारा वर्षं राबले. मग त्याने विजेवरची मशीन आणली आणि मला एका बालगृहाला देऊन टाकलं. ज्यांना घर नाही, किंवा घर आहे पण तिथे राहण्यात धोका आहे, अशी चाळीस मुलं तिथे राहायची. मला वाटलं, झालं, आता अडगळ! कसलं काय! लोकांनी दिलेल्या कपड्यांची गाठोडी यायची. कुणाची बाही लांब, कुणाची कंबर ढगळ. शिवणमावशी सकाळी मला तेल पाजायच्या, ते संध्याकाळपर्यंत उसंत नाही. त्यांचं तोंड फटकळ, पण हात मायेचा.

धुण्याच्या दिवशी मात्र रणकंदन. "तो शर्ट माझा!" "तुझा कसा? वास घेऊन बघ!" शेवटी मावशींनी शक्कल लढवली. प्रत्येक कॉलरच्या मागे पांढरी पट्टी, तिच्यावर लाल दोऱ्याने संस्थेचं नाव आणि मुलाचा नंबर. तीन दिवस मी खडखडत होते. भांडणं मिटली. पाहुणे म्हणाले, "वा, काय टापटीप!" मी तर फुलून गेले.

तिथे अकरा वर्षांची एक मुलगी होती. हसली की तीन खोल्यांपलीकडे ऐकू जाई, म्हणून सगळे तिला भोंगा म्हणत. शाळेतून आली की दप्तरासकट माझ्याजवळ बसून दिवसभराचं सगळं सांगायची. ती एकाएकी गप्प झाली. एके दिवशी तिची कॉलर फाटून आली. मावशींनी शिवून दिली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटलेली. तिसऱ्या दिवसापासून ती शाळेतच जाईना. वार्षिक परीक्षा चार दिवसांवर आलेली!

मावशी कडाडल्या, "काय गं, कपडे काय झाडाला लागतात?"

"मी पट्टी तोडत होते," ती म्हणाली. "मागच्या बाकावरची मुलं ती मोठ्याने वाचतात. आता मला नावाने कुणी हाकच मारत नाही. 'ए सतरा नंबर' म्हणतात. माझी मैत्रीणसुद्धा."

मावशींचा पाय पायडलवरच थांबला. "मग मला आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही इतक्या हौसेने शिवली होती ना."

मावशींनी डोळे पुसले. "चुकलं गं बाई माझं. धुण्यातलं भांडण मिटवलं आणि तुमच्या मानेवर नेऊन ठेवलं."

मित्रांनो, मला टाके घालता येतात, उसवता येत नाहीत. मावशी ब्लेड घेऊन एकेक पट्टी उसवत होत्या आणि मी नुसती बघत होते. फार लाज वाटली मला. मग त्यांनी दोऱ्यांचा डबा मुलांपुढे ठेवला. "रंग घ्या, खूण सांगा. शर्टाच्या खालच्या दुमडीत, आतून घालते. ज्याची त्याला कळली की पुरे." भोंग्याने पिवळा दोरा घेतला आणि मासा मागितला. आम्ही घातला, पण तो भोपळाच दिसला. परीक्षेच्या सकाळी ती निघाली. फाटकापाशी दोनदा कॉलर चाचपली आणि मग पळत सुटली.

पुढे मावशी थकून घरी गेल्या. मी जुन्या गाद्यांखाली गेले. पट्टा तुटला, तेल आटलं. परवा भंगारवाल्यासाठी मला ऑफिसच्या कोपऱ्यात आणून ठेवलं. तेवढ्यात एक तरुण बाई नव्या शर्टांचं खोकं घेऊन आल्या.

कारकून म्हणाला, "ताई, शर्टांवर तुमचं नाव छापून घेऊ? सगळे देणगीदार घेतात."

त्या हसल्या. तीन खोल्यांपलीकडे ऐकू गेलं असेल! मी ओळखलं. त्यांनी आपल्या कुर्त्याची खालची दुमड उलटून दाखवली. आत पिवळा मासा. अजूनही भोपळाच.

"नाव नको," त्या म्हणाल्या. "कुणाला कोणती खूण हवी, ते मुलांना विचारा. आणि या मशीनला आधी तेल घाला हो, बिचारी कोरडी पडलीय."

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांना तेलपाणी करा. पण कुणाला काही द्याल, तेव्हा ते त्याला मानेवर मिरवावं लागेल असं देऊ नका. नाहीतर मग उसवत बसावं लागतं, आणि ते काम मला येत नाही.