रस्त्यापलीकडचं लग्न आणि आजीचा सरकारी पगार

आमच्या गावात रस्ता ओलांडला की परदेश सुरू होतो. अलीकडे ब्राझील, पलीकडे उरुग्वे, मधे एक बाग आणि बागेत हद्दीचे दगड. पाव आम्ही रोज परदेशातून आणतो, कारण तो जास्त चांगला फुगतो. कुत्रीसुद्धा दिवसभर परदेशवाऱ्या करतात, त्यांना कुणी काही विचारत नाही.

माझ्या आजीला, दोरील्दाला, म्हातारपणाचा सरकारी पगार मिळतो. आईच्या शिवणकामाचं काही खरं नसतं, त्यामुळे आमची चूल मुख्यतः त्यावरच पेटते. गेल्या महिन्यात केस कापणाऱ्या नेवामावशीने बातमी आणली की, असा पगार घेणारा माणूस परदेशी गेला की त्याचा पगार बंद.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"फोनवर आलंय."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्याच."

त्या दिवसापासून आजीने रस्ता ओलांडणं सोडलं. अडचण अशी की, तिची धाकटी बहीण झुल्मा पलीकडे राहते आणि शनिवारी झुल्माआजीचं लग्न होतं. वय एकाहत्तर, लग्न पहिलंच. नवरदेव मिल्टन, टायरचे पंक्चर काढणारा. साक्षीदार म्हणून सही करायची होती माझ्या आजीने.

वक्तृत्व स्पर्धेत नंबर आल्यापासून मी कुठल्याही कचेरीत न घाबरता शिरते. आजीला धरून पगाराच्या कचेरीत नेलं.

"साहेब, माणूस पलीकडे गेला तर पगार बंद होतो का?"

"कशाच्या पलीकडे?"

मी खिडकीतून रस्ता दाखवला. साहेब बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

"तो परदेश होय," ते सावकाश म्हणाले. "मी तिकडेच राहतो." मग त्यांनी खुर्ची सरळ केली. "वर विचारावं लागेल. पुढच्या महिन्यात या."

संध्याकाळी झुल्माआजी आमच्याकडे येऊन थडकली.

"ताई, मिल्टनला मी इतकी वर्षं ताटकळत ठेवलं, आता तुझ्यापायी आणखी ठेवू?"

"झुल्मे, माझी औषधं काय तुझा मिल्टन आणणार?"

"आणेल की. उधारीवर आणेल."

"म्हणजे मलाच फेडायला लागेल."

दोघी एकमेकींकडे पाठ करून माते नावाचा आमचा कडू चहा पीत बसल्या. तेव्हा मी तोडगा काढला. लग्न बागेत लावायचं. टेबल हद्दीच्या दगडावर आडवं टाकायचं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. आजीने ब्राझीलच्या टोकाला बसायचं. एवढं साधं कुणाला कसं सुचलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

शनिवारी सगळं छान लागलं. पण लग्न नोंदवणाऱ्या बाई रजिस्टर टेबलाच्या आमच्या टोकाला सरकवायला तयार होईनात. "हे उरुग्वे सरकारचं आहे. देशाबाहेर जाणार नाही."

"आमच्यात पण एक आहे तसंच," आई म्हणाली.

आजी उठली, टेबलावर पोट टेकवून पुढे वाकली आणि हात लांब केला.

"मायारा, बघ गं, माझी कंबर कुठे आहे?"

"ब्राझीलमध्ये."

"लक्ष ठेव." आणि तिने सही केली.

मग अकॉर्डियन सुरू झालं. पलीकडे, कारण वाजवणारा पलीकडचा. झुल्माआजी पांढऱ्या झग्यात दगडापाशी आली.

"ताई, चल नाचायला."

"तू ये इकडे."

"माझं लग्न माझ्या देशात आहे. माझ्या लग्नात तू नाचणार नाहीस?"

आजीने दगडाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. झुल्माआजी हात पुढे करून उभी होती. आजीने पर्स उघडली, आतून बँकेचं कार्ड काढलं आणि माझ्या मुठीत कोंबलं.

"हे घेऊन इथेच उभी राहा. पगार ह्यात येतो. हे परदेशी जाता कामा नये."

"आणि तू?"

"सरकार काय माझ्या हातात पैसे देतं? देतं ते कार्डाला."

एवढं बोलून तिने झगा वर धरला आणि दगड ओलांडला.

पाहुणे नाचत होते. मी नवे बूट घालून ब्राझीलमध्ये एकटी उभी होते. आईने केकचा तुकडा हद्दीवरून पोचवला. दिवे लागले तरी आजी थांबेना, तेव्हा मी हाक मारली.

"आजी, माझा हात अवघडला."

"मग कार्ड दुसऱ्या हातात घे," ती परदेशातून म्हणाली आणि झुल्माआजीला धरून पुन्हा गिरकी घेतली.