कणगीच्या पोटातला पंजा

मित्रांनो, जरा डोळे मिटा. अंगणात मातीचा एक मोठा रांजण उभा आहे असं समजा. माणसापेक्षा उंच, डोक्यावर गवताची टोपी. त्याला दार नाही. टोपी उचलायची आणि वरून आत उतरायचं.

मी ती धान्य साठवायची जुनी कणगी आहे. घानाच्या उत्तरेला, कासेना लोकांच्या गावात वेपिआने मला घडवलं. आतून लिंपून झाल्यावर त्याने ओल्या भिंतीवर आपला पंजा दाबला. ते फक्त मला ठाऊक होतं, कारण आमच्याकडे नवऱ्याच्या कणगीत बायकोने बघायचं नसतं. बघितलं तर घरात मरण येतं, असं मानतात. रोज सकाळी वेपिआ उंदीर पळवायला माझ्यावर तीन थापा मारायचा, आत उतरायचा आणि बायकोला, काचानाला, दिवसाची बाजरी काढून द्यायचा.

मागच्या वर्षी तो तापाने गेला. शेत, पाणी, सरपण, म्हातारी सासू, आठ वर्षांची कातिगा, सगळं काचानावर आलं. माझ्याकडे ती बघेना. माझी टोपी कुजली, अंगाला भेगा पडल्या. तरी रोज सकाळी मला तीन थापा ऐकू यायच्या. काचानालाही येत असाव्यात. नेमका तेव्हाच तिचा खराटा थांबायचा.

पेरणी आली. बियाणं माझ्या पोटात होतं. ते काढून द्यायला दूरच्या कुमासी शहरातून तिचा दीर येणार होता. ‘येतो’ असा निरोप तेवढा आला, तो आलाच नाही.

"अजून चार दिवस वाट बघू का, सासूबाई?"

"बघ की. मग वर्षभर दिराच्या निरोपाची पेज करून पिऊ."

"मी आत गेले आणि पोरीला काही झालं तर?"

"मनाई बघायला आहे. तुला डोळे मिटता येत नाहीत? सकाळी तर हाका मारून उघडावे लागतात."

काचानाने डोळ्यांवर फडकं बांधलं, माझ्यावर तीन थापा मारल्या आणि शिडी चढून ती आत उतरली. बियाण्याचं मडकं चाचपडताना तिचा हात भिंतीवरच्या पंजावर पडला. बोटं बोटांत बसली. भिंत गार होती. पंजा तेवढा कोमट होता. ती हलेना.

"आई, आत कोण आहे?" कातिगाने शिडीवरून विचारलं.

"तुझे बाबा," काचाना हळूच म्हणाली. "घाबरू नकोस."

मित्रांनो, जुनी भिंत लिंपायला घ्याल, तेव्हा आधी तिच्यावरून हात फिरवून बघा. एवढंच मागते.

काचाना बियाणं घेऊन वर आली. कातिगाने मडकं खाली नेऊन आजीजवळ ठेवलं. मग आईकडून फडकं मागून घेतलं, स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधलं आणि माझ्यावर तीन थापा मारल्या.