पाठमोरी

आश्विनातली पहाट. दवार्द्र, धूम्रवर्ण, अर्धोन्मीलित. आठवडी बाजाराचे काळे दगडी कट्टे ओळीने निजलेले. थोड्या वेळाने त्यांवर वांगी, मिरच्या, सुकी मासळी मांडली जाणार होती. आत्ता तिथे एकटी यमुना उभी होती; पाठमोरी, विवस्त्र.

चित्रकलेच्या कॉलेजात ती रोज अशीच बसे. विद्यार्थी तिचे खांदे रेखत, कंबर रेखत, आणि चेहऱ्याची जागा कोरी सोडत. त्या कोऱ्या जागेच्या आडोशाने तिचं घर चाललं होतं. आईला वाटे, लेक तिथे झाडलोट करते.

छायाचित्रकार श्रीरंगला चार भिंती नको होत्या. त्याला उघडं आकाश हवं होतं, उघडा बाजार हवा होता, आणि त्यात उघडी बाई. चेहरा दिसणार नाही, असा त्याने शब्द दिला होता. किती गोड माणूस! चहा पाजून पाजून त्याने तिचं सगळं घर ऐकून घेतलं होतं. तिचा पाय ठरत नाही म्हणून आई तिला भिंगरी म्हणते, हेसुद्धा. ते नाव आईवाचून कुणाच्या ओठी नव्हतं.

पूर्व दिशा केशरली. प्रकाश आला, दगडांवरून आला, दवावरून आला, तिच्या पाठीच्या पन्हळीतून हळूहळू उतरला. हवी ती पाठ श्रीरंगला मिळाली. पण पाठी त्याच्याकडे पुष्कळ होत्या.

"भिंगरे," त्याने हळूच हाक मारली.

ती वळली. आईच्या हाकेला वळावी तशी वळली, हसत. कॅमेरा वाजला.

पुढे ते हसू कलादालनात भिंतभर लागलं. रसिकांनी माना डोलावल्या. मग ते मोबाइलमागून मोबाइल हिंडत यमुनेच्या गल्लीत आलं, आणि एका शेजारणीने मोठ्या मायेने ते तिच्या आईपुढे धरलं.

आई रडली नाही. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "हसत हुतीस की गं."

तुझी हाक वाटली म्हणून हसले, हे यमुनेला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर आईजवळचं ते नावही नासलं असतं.

दुसऱ्या दिवशी, केशरत्या, दवार्द्र पहाटे, ती गाठोडं घेऊन निघाली. उंबऱ्यातून आईचा कापरा आवाज आला, "भिंगरे..."

ती थबकली. मान वळली नाही. गल्लीच्या टोकापर्यंत आईला दिसत राहिली ती पाठ. श्रीरंगने कबूल केली होती तेवढीच, फक्त पाठ.